विश्रामबागवाडा कचेऱ्यांमुळे नासलेला नाही

‘पेशव्यांच्या राहत्या वाड्याची इंग्रजांनी आणि पालिकेने कचेरी केली, म्हणून विश्रामबागवाड्याची रया गेली. आता सगळं हलवा, कुलूप लावा, मूळ रूपात जपा.’ हे म्हणणं सध्या पुण्यात भरपूर फिरतंय. वाड्याबद्दलची कळकळ खरी आहे, पण मांडलेला इतिहास खरा नाही.

दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा १८०७ च्या सुमारास बांधून घेतला आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर पुणं सोडलं. म्हणजे पेशव्यांचा वास जेमतेम दहा-अकरा वर्षांचा. नंतरची दोनशे वर्षं वाडा सार्वजनिक कामाचाच आहे.

‘इंग्रजांनी कचेरी केली’ हेही अर्धवट. ६ ऑक्टोबर १८२१ ला इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा देत, तिच्या पैशातून. आजच्या डेक्कन कॉलेजचं मूळ तीच पाठशाळा. हा काळ वाड्याचा ऱ्हास म्हणून कसा मोजायचा?

आता नासधुशीबद्दल. वाड्याचं सर्वांत मोठं नुकसान १८७९ च्या मे महिन्यातल्या आगीत झालं, आणि ती आग लावलेली होती. तेव्हाच लावलेल्या आगीत पेशव्यांचा बुधवारवाडा नामशेष झाला. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग जळाला, पण तो पुन्हा उभारला गेला. लोकांनी त्यासाठी वर्गणी दिली. जिथे रोज माणसांचा राबता होता, त्या वाड्यासाठीच लोकांनी खिशात हात घातला, असं मला ठामपणे वाटतं. पुढे पालिकेचा कारभारही १९५९ पर्यंत इथूनच चालला.

एक गोष्ट मान्य. कचेरी आली की फळ्यांचे आडोसे, लोखंडी कपाटं, लोंबत्या वायरी येतात आणि सुरूच्या झाडासारख्या घाटाचे सागवानी खांब त्यांच्याआड जातात. हे थांबवलंच पाहिजे. पण त्यासाठी वापराचे नियम कडक करा. लाकडाचे खरे शत्रू गळकं छप्पर आणि वाळवी. बंद, अंधाऱ्या दालनात दोन्ही महिनोन्महिने कुणाच्या नजरेस पडत नाहीत.

राहिलं ‘मूळ रूप’. १८७९ नंतर उभारलेला भाग पाडायचा का? तोही आता पुण्याच्या इतिहासाचाच भाग आहे. मागणी करायचीच तर दरवर्षी पावसाळ्याआधी छप्पर तपासण्याची आणि त्याचा अहवाल लोकांसमोर ठेवण्याची करा. वाडा रिकामा करण्याची मागणी मागे घ्या.