फिजिओथेरपीच्या डिग्रीला साडेचार वर्षं कामून लागली?

कामून लागली म्हणजे? फॉर्मॅलिनच्या वासात उभं राहून एकेक स्नायू, तो कुठून निघतो, कुठं चिकटतो, त्याला नस कुठली, हे प्रेतावर शिकले म्हणून लागली! चार वर्षं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे पेपर, वर सहा महिने इंटर्नशिप, मग कौन्सिलची नोंदणी. आणि त्याच्या आधी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, लातूरला मेसची पाण्यासारखी डाळ पिऊन.

काल परभणीला लग्नाच्या पंगतीत मामांनी खिशातून पॅम्फ्लेट काढलं. ‘फिजिओथेरपी डिप्लोमा. सहा महिने. शाखा कोणतीही. नीटची गरज नाही.’ आधी शांतपणे जिलेबी संपवली. मग बोटं चाटत, पार वाढप्यापर्यंत आवाज जाईल असं विचारलं, ‘हे सहा महिन्यात होतंय तर तुला साडेचार वर्षं कामून लागली गं माय?’

अख्खी पंगत हसली. शेजारच्या काकू तर कीव आल्यासारखं बघायला लागल्या, जणू मी एकाच वर्गात चारदा बसले. एका गृहस्थांनी धीर दिला, ‘असू द्या, कुणाकुणाला लागतो वेळ.’ लागतो वेळ! नव्या अभ्यासक्रमात तर वर्षभराच्या इंटर्नशिपसकट पाच वर्षं केलीत. हे मी तिथं बोलले नाही. मामा म्हणाले असते, आता अजून मठ्ठ पोरं घेतेत वाटतं.

तुम्हाला वाटेल मी फाडफाड सुनावलं. ‘मामा, मठ्ठा घ्या ना,’ एवढंच निघालं तोंडातून. बाकीचं भाषण परतीच्या गाडीत आईला ऐकवलं, आणि ती मानवतच्या आधीच झोपली. त्याहून भारी म्हणजे हात धुतल्यावर मामांनी धोतर वर करून गुडघा पुढं केला, आणि मी पैठणीत उकिडवी बसून तो तपासला. फुकट. मांडीचे व्यायामसुद्धा दाखवले. ‘ते जाऊ दे, मशीन कवा लावतीस?’

मशीन! या शेकाच्या-करंटच्या मशीनपायी माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. लकवा झालेल्या माणसाला महिनोन्‌महिने कबुतराचं रक्त चोळतेत, खांदा दगडासारखा आखडला की आणतेत, आणि येऊन विचारतेत, मशीन किती दिवस? हात-पाय हलवायचं नाव काढलं की दुसऱ्या दिवशीपासून गायब.

दिल्लीवाले तरी कुठं कमी आहेत? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पत्र काढलं, फिजिओंनी नावाआधी डॉक्टर लावू नका. लगेच मागंही घेतलं. पण काढलेलं पत्र आमच्या फॅमिली ग्रुपवर तासाभरात आलं, मागं घेतलेलं अजून यायचंय. माझ्या ताईचं वेगळंच रडगाणं. तिच्या वेळी वैद्यकीय प्रवेशाला ७०:३० होतं. पुण्या-मुंबईच्या सत्तर टक्के जागा तिकडच्यांना, आणि मराठवाड्यात कॉलेजं बोटावर मोजण्याएवढी. २०२० ला ते रद्द झालं, तोवर ताई बीएस्सी होऊन बसली होती. आणि मी ज्याला लागले त्याला घरात अजून ‘एमबीबीएस नाही, बीएएमएस नाही, मग हे’ असंच म्हणतेत. पुढं दोन वर्षांचं एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीतलं मास्टर्स, करायचंय म्हटलं तर बाबा विचारतेत, ‘अजून? लग्न कवा मग?’

आज सकाळी मामांचा फोन. गुडघ्याचं काही नाही. पिंटूला तुझ्याच कॉलेजात टाकू म्हणतेत, तुझी ओळख असंल, सहा महिन्यांचं बघ. मामा, पिंटू कॉमर्सला आहे हो! बायोलॉजीचं पुस्तक त्यानं दहावीनंतर उघडलं नाही!

‘मग काय झालं? शाखा कोणतीही लिहिलंय की.’