पिसांचं वजनही विचारा
पिसं भरलेल्या जॅकेटांवरच्या तुमच्या लेखात ‘फिल पॉवर ८०० असली की जॅकेट उबदार’ असं म्हटलंय, ते अर्धंच खरं. हा आकडा पिसं किती फुलतात ते सांगतो. आत ती किती ग्रॅम भरलीत हेही बघावं लागतं. ८०० ची ६० ग्रॅम पिसं असतील, तर ६५० ची १५० ग्रॅम नक्कीच जास्त ऊब देतात.

आणि मुलींनो, भावाचं जॅकेट नेऊ नका. मी नेलं होतं. कमरेला घट्ट, खांद्यात ढगळ. उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या ट्रेकला पहाटे गळ्यातून वारा नुसता आत शिरत होता. आत फ्लीस (लोकरीसारखा मऊ, उबदार अंगरखा) घालूनच माप बघा.

गोव्यातल्यांनी पावसाळ्यात हे जॅकेट पिशवीत कोंबून ठेवू नये. म्हापशाला आमच्या घरी जुलैत माझ्या जॅकेटला कुबट वास आला, बाह्यांत पिसांच्या गुठळ्या हाताला लागायच्या. आता कपाटात सैल टांगते.