हयातीचा दाखला

रविवारी बॉनेटला प्रायमर (रंगाखालचा थर) मारला आणि त्यात शेजारच्या अण्णांचा उजवा हात उमटला. पाच बोटं, अख्खा तळवा आणि अंगठा किंचित घसरल्याची रेघ. ज्योतिषी बोलावला असता तर आयुष्यरेषाही वाचून झाली असती. (लांब आहे. मला आधीपासून शंका होतीच.)

गाडी १९८५ ची प्रीमिअर पद्मिनी, सासऱ्यांकडून आलेली, नाशकातल्या आमच्या रो-हाउसच्या पोर्चमध्ये उभी. इंजिन चालतं. १०८९ सीसीचं ते इंजिन इतकं साधं आहे की त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. दुखणं होतं पत्र्याचं.

जुन्या गाडीत पत्रा कुठे आणि लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, कुठे हे कळायला चुंबक लागतं. मी फ्रिजवरचं गोव्याचं चुंबक घेऊन गाडीभोवती फिरलो. छपराला चिकटलं, दरवाजांना चिकटलं, डाव्या मागच्या मडगार्डला लावलं तर टपकन खाली पडलं. म्हणजे तिथे मडगार्ड नव्हतंच, मडगार्डच्या आकाराची लांबी होती. खरवडत गेलो. वर पांढरा रंग, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा पांढरा, मग बोटभर जाड लांबी आणि तिच्या पोटात, पत्र्याचं भोक बुजवायला कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. उलगडून पाहिला. ‘लासलगावात कांद्याचे भाव कोसळले’ एवढंच वाचता आलं. त्यावरून साल काढणं अशक्य. ती बातमी कुठल्याही वर्षी चालते.

नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर मीही वरून रंग फासून मोकळा झालो असतो. पण या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. दाराखालच्या पोकळ पत्र्यावर गाडीचा भार असतो, आणि नेमका तिथेच पाणी साचून गंज धरतो. तिथे कुणी लांबी भरून रंग मारला की गाडी धडधाकट दिसते आणि खड्ड्यात आपटल्यावर दारं बंद होईनाशी होतात. म्हणून कुजलेला पत्रा कापला, नवा वेल्ड करून घेतला. मी हे एका वाक्यात उरकलं. वेल्डरने मात्र उरकलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

मग घासणं. उघड्या पत्र्याला आधी ८० नंबरचा पेपर, मग १८०. हे काम अशा प्रकारचं आहे की जितकं जास्त करावं तितकी गाडी जास्त भंगार दिसते. आठवडाभर राबल्यावर बायको बाहेर येऊन म्हणते, “आधी बरी दिसत होती.” आणि ते खरंच असतं.

उघडा पत्रा तसाच ठेवताही येत नाही. पाऊस गेला म्हणावा आणि संध्याकाळी एक सर यावी, असे हे दिवस. रात्री चकचकीत पत्रा ठेवून झोपावं तर सकाळी त्यावर तांबूस झाक. त्यामुळे शेवटचं घासणं, पुसणं आणि प्रायमर हे एका दमात करावं लागतं. पुसायलाही फडकी दोन लागतात. एकाने डीग्रीझर लावायचं, दुसऱ्या कोरड्याने लगेच टिपायचं, नाहीतर तेल निघत नाही, नुसतं इकडून तिकडे फिरतं. रविवारी मी हे सगळं केलं. हातमोजे घालून. धूळ बसावी म्हणून पोर्चमध्ये पाणी मारलं, तीन बाजूंनी जुन्या चादरी बांधल्या. घरातल्यांना सांगितलं की आता गाडीच्या जवळ कुणी खोकायचंसुद्धा नाही. आणि प्रायमर कालवायला आत गेलो. इपॉक्सी प्रायमर दोन डब्यांत येतो. मापाने हार्डनर मिसळायचा, ढवळायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा. तेवढ्या वेळात चादर बाजूला सारून अण्णा आत आले.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांना या गाडीबद्दल आपुलकी आहे, आणि तिथेच सगळा घोटाळा आहे. त्यांच्याकडेही फियाट होती. (पद्मिनीला सगळे फियाटच म्हणत.) “बुकिंग केलं तेव्हा थोरली पोटात होती,” ते सांगतात, “आणि गाडी आली तेव्हा ती शाळेत जात होती.” कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी सुटायला तेव्हा वर्षानुवर्षं लागत, हे खरंच आहे. एवढी वाट पाहिलेल्या माणसाला माझ्या कामाची एवढी घाई का असावी, हे मात्र मला अजून समजलेलं नाही. मडगार्डांचा प्रायमर झाल्यापासून रोज संध्याकाळी फाटकावर रेलून त्यांचा एकच प्रश्न असायचा.

“झाला का रंग?”

“रंग नाही अण्णा, प्रायमर आहे.”

“हां. म्हणजे राखाडीच ठेवणार.”

“नाही हो. यावर रंग येणार.”

“मग डायरेक्ट रंगच का नाही मारत?”

दुसऱ्या दिवशी पुन्हा “झाला का रंग?” वर हेही, की एवढा खर्च करण्यापेक्षा स्क्रॅपला दे, सरकार सर्टिफिकेट देतं. ते सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावायचं असतं, अशी त्यांची समजूत असावी.

असो. मी स्प्रे गन भरून बाहेर आलो तेव्हा चादरीच्या आत कुणी नव्हतं. पहिला हात मारला. करडा, एकसारखा, ओला प्रायमर बसत गेला आणि मला आपल्याबद्दल फार बरं वाटलं. मग बॉनेटच्या बरोब्बर मधोमध तो मागे सरकायला लागला. पत्र्यावर तेल असलं की प्रायमर तिथे धरत नाही, तेवढी जागा सोडून बाजूला होतो. आधी पाच ठिपके. मग तळवा. रविवारी सकाळी अण्णा डोक्याला खोबरेल तेल चोपडतात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

कॉम्प्रेसरचा आवाज थांबला तसे ते लगेच आले.

“हे काय रे, डाग पडलेत?”

“हात आहे तो, अण्णा.”

“कुणाचा?”

मी काही बोललो नाही. त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांनीही आपल्या हाताकडे पाहिलं. मग बॉनेटकडे. मग, अत्यंत शास्त्रीय वृत्तीने, हात त्या ठशाच्या वर धरून माप घेतलं. तंतोतंत बसलं. त्यांची करंगळी कॉलेजात कबड्डी खेळताना मोडून वाकडी झालेली आहे. ठशातली करंगळीही वाकडी होती.

“करंगळी वाकडी आहे खरी,” अण्णा म्हणाले. “पण वाकड्या करंगळ्या पुष्कळांच्या असतात.”

“आपल्या गल्लीत?”

“मी नुसतं बघितलं रे. गुळगुळीत झालंय का ते.”

“हाताने?”

“मग कशाने बघणार? चष्मा घरी राहिला होता.”

यावर काय बोलायचं? मी गन खाली ठेवली. तेवढ्यात अण्णा जरा वाकले, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि निकाल दिला, “प्रायमर हलका आहे तुझा. चांगल्या प्रायमरला असं होत नाही. आमच्याकडे धरणाच्या दरवाजांना रेड ऑक्साइड मारायचे. त्याच्यावरून माणसं चालायची.”

मला राग आला तो हात लावण्याचा नव्हे. हात लोक लावतातच. राग आला ‘हलका’ या शब्दाचा.

आता एक गोष्ट सांगतो. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्रावर बोट ठेवायचं, ठसा जुळला की सरकार मानतं की तुम्ही आहात. अण्णांचा ठसा जुळत नाही. वयामुळे बोटांच्या रेषा झिजल्यात. गेल्या नोव्हेंबरात मीच त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो होतो. अंगठा झाला, तर्जनी झाली, डावा हात झाला, बोट धोतराला पुसून झालं. यंत्र ठाम. अण्णा काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, “अगं, मी तुझ्यासमोर उभा आहे.” ती म्हणाली, “आजोबा, सिस्टिम घेत नाहीये.” शेवटी डोळे स्कॅन करून ते जिवंत ठरले. अर्धा दिवस गेला. माझी रजा गेली. आणि ज्या बोटांना केंद्र सरकारचं यंत्र ओळखत नाही, ती माझ्या बॉनेटवर अशी सुबक उमटली की त्यावर सही-शिक्का मारून थेट ट्रेझरीत पाठवावं.

“बाहेर का देत नाहीस काम?” हेही सगळे विचारतात. देऊन पाहणार होतो. एका गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “साहेब, प्रायमर कोण बघतं? लांबी ओढतो, रंग मारतो, दोन वर्षं हलत नाही.” दोन वर्षं हे तो अभिमानाने सांगत होता. त्याच्या शेडमध्ये एक विशीतला मुलगा तोंडाला रुमाल बांधून टू-के रंग, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, मारत होता. त्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे त्याचा नुसता वाससुद्धा सोसत नाही. त्या कामाला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. रुमाल म्हणजे रुमाल. मालकाला विचारलं तर म्हणाला, “सवय आहे त्याला.” मुलगा हसला. यात विनोद करण्यासारखं मला काही सापडलेलं नाही. आपल्याला गाड्या आरशासारख्या लागतात, घासाघीस करून अर्ध्या पैशांत लागतात, आणि तो अर्धा पैसा कुठून वाचतो हे बघायला कुणी शेडच्या आत जात नाही. मी गेलो, पाहिलं आणि गाडी घरी घेऊन आलो. मुलगा तिथेच आहे.

तर रविवारी बॉनेट बिघडलं, आणि भांड्यात अर्धा लिटरच्या आसपास कालवलेला प्रायमर शिल्लक. इपॉक्सी एकदा कालवला की डब्यात परत ओतता येत नाही, काही तासांत त्याचा दगड होतो. अण्णांनी भांड्यात डोकावून पाहिलं.

“हे वाया जाणार?”

“जाणार.”

“आमच्या फाटकाला मार की मग.”

अण्णांच्या फाटकाला मागचा रंग कधी लागला हे कुणालाच आठवत नाही. गंजाचे पापुद्रे हाताने निघतात. मी म्हणालो, अण्णा, आधी घासावं लागेल, पुसावं लागेल. ते म्हणाले, “चालतं रे, वरूनच मार.” बायकोने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ‘म्हाताऱ्या माणसाला काय नाही म्हणायचं’ हे होतं आणि ‘तुझा महागडा प्रायमर एकदाचा संपू दे’ हेही होतं. मारला. गंजावर, धुळीवर, कोळ्याच्या जाळ्यावर. ना पेपर, ना डीग्रीझर. आणि तो बसला! कुठे ठिपका नाही, कुठे फट नाही, एकसारखा, मखमली. वर्षभरात पापुद्र्यासकट गळून पडेल, हे मला माहीत आहे. पण वर्षभर मला रोज सकाळी ते बघायचंय. अण्णांना इतकं आवडलं की म्हणाले, “दुसरा हातही मारून टाक, एवढ्यात कशाला थांबतोस?” दुसऱ्या हातासाठी पुन्हा कालवावा लागला.

बॉनेट सुकल्यावर ३२० च्या पेपरने खाली आणलं, हाताच्या जागी पार पत्र्यापर्यंत. हार्डनरच्या डब्यात आता तळाशी चमचाभर उरलाय. सोमवारी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, नुसता हार्डनर सुटा मिळत नाही, सेटच घ्यावा लागतो. मोठा सेट. छोटा बुधवारनंतर येईल, बहुतेक.