मशीन जमत नाही, तर चूक कुणाची?

"सोपं तर आहे, तुम्हालाच जमत नाही!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. घरातल्या मोठ्यांना आपण ते सर्रास ऐकवतो.

ॲलन न्यूएल हे कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९७५ साली मिळालेले. ऐंशीच्या दशकात झेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात लूसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना आणि रॉन कॅप्लन या भाषावैज्ञानिकाला कंपनीच्याच कॉपी मशीनसमोर उभं केलं आणि कॅमेरा लावला. पाठपोट प्रती काढता काढता दोघाही दिग्गजांच्या नाकी नऊ आले!

खरी गंमत त्यांच्या बोलण्यात आहे. आता काय करायचं, हे असं का झालं, असं ते एकमेकांना विचारत राहतात. मशीनला त्यातलं काहीच कळत नाही. त्याला फक्त कुठलं बटण दाबलं एवढंच कळतं. सचमनबाईंनी नेमकं यावरच बोट ठेवलं.

आणि आज बहुतेक कंपन्या मशीनच्याच जागी बसून आपल्याकडे बघतात, असं माझं मत आहे. किती क्लिक, किती सेकंद, सगळं मोजतात. माणूस वैतागून काय पुटपुटला, ते त्या आकड्यांत येतच नाही.

मोजू नये असं नाही हं. नायनेक्स या अमेरिकन टेलिफोन कंपनीने ऑपरेटरांसाठी नवी, जास्त वेगवान यंत्रणा आणायचं ठरवलं होतं. संशोधकांनी ऑपरेटरच्या कामाचा क्षणाक्षणाचा हिशेब मांडला आणि सांगितलं, ही उलट हळू चालेल. प्रत्यक्ष चाचणीत तसंच झालं, साधारण ४ टक्के हळू! कारण दाबायची कमी झालेली बटणं होती कॉलच्या सुरुवातीला, जिथे ऑपरेटर ग्राहकाचं बोलणं ऐकत थांबलेलाच असायचा. वाढलेलं बटण मात्र शेवटी, जिथे सगळं त्याच्यावरच अडायचं. १९९३ साली हे प्रसिद्धही झालं. हे मोजणाऱ्यांना ऑपरेटरचं काम माहीत होतं, म्हणून जमलं.

आमच्या ऑफिसात रजेचा अर्ज भरायचं नवं सॉफ्टवेअर आलंय. तारीख चुकली की अख्खा फॉर्म कोरा. विकत घेणाऱ्या साहेबांचा अर्ज दुसराच कुणीतरी भरतो, त्यांना काय पत्ता! आता कंपनीने अभिप्राय मागवलाय. तोही त्याच सॉफ्टवेअरमध्ये भरायचाय, आणि तिथे तारीख टाकणं सक्तीचं आहे.