कांद्याच्या रसाने डोळ्यामागचा डाग विरघळत नाही

सोलापूरच्या अशोक चौकातल्या मावशीच्या डोळ्यात, पडद्याखाली, एक काळसर डाग आहे. साधा तीळ वाटतोय, पण ठरल्या वेळी दाखवत राहा, असं डॉक्टर म्हणाले. मग भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला : 'काळा डाग दाखवून कॅन्सरची भीती घालतात. सुई टोचली की तो पसरतो, शेवटी डोळाच काढतात. आपल्या लोकांना हा रोग होतच नाही. कांद्याचा रस आणि मध दोन महिने घाला. चुरचुरलं म्हणजे गुण येतोय.' मावशीने तपासणी रद्द केली अन् कांदा किसायला घेतला.

आधी कांदाच घेऊ. मेसेजातला कॅन्सर म्हणजे डोळ्यातला मेलानोमा. तो बहुतेक वेळा पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या खाली, कोरॉइड नावाच्या रक्तवाहिन्यांच्या थरात होतो. रस पडतो बुबुळावर आणि पाण्याबरोबर गालावर येतो. मागच्या गाठीला त्याचा पत्ताही नसतो. चुरचुरण्याचं म्हणाल तर शेंगाचटणीचा हात लागला तरी डोळा चुरचुरतो, ती काय औषध झाली? घरच्या रसातून जंतुसंसर्ग होऊन बुबुळावर फूल पडलं, तर डॉक्टरांना आतला डागही नीट दिसणार नाही.

सुई? बहुतेकांना ती लागतच नाही. थेंब घालून बाहुली मोठी करतात, आत बघून फोटो काढतात, मिटल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफीने जाडी मोजतात. डाग वाढला का, हे जुना फोटो शेजारी ठेवूनच कळतं. म्हणून ती 'ठरली वेळ'. अमेरिकेतल्या 'कॉम्स' या मोठ्या अभ्यासात एवढ्यावर केलेलं निदान 99 टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरलं.

आपल्या लोकांना होत नाही? गोऱ्यांपेक्षा कमी होतो. कमी म्हणजे शून्य नव्हे. पुढे.

डोळा काढण्याबद्दलही 'कॉम्स'च बघा. मध्यम गाठीच्या 1317 रुग्णांपैकी निम्म्यांचा डोळा काढला, निम्म्यांच्या डोळ्याला बाहेरून किरणोत्सारी चकती काही दिवस शिवून ठेवली. पाच वर्षांनी दोन्हीकडे जगलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच, 80 टक्क्यांच्या थोडं वर. अशा चकत्या आता आपलं भाभा अणुसंशोधन केंद्रही बनवतं, आणि हा उपचार हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्ररुग्णालयात होतो. सोलापूरहून एका रात्रीचा प्रवास.

गाठ फार मोठी असेल तर डोळा काढावा लागतो, हे खरं. चकतीनंतरही नजर अधू होऊ शकते, हेही मान्य. पण खरी भीती वेगळीच आहे : हा आजार पुढे यकृतात जाऊ शकतो, म्हणून उपचारानंतरही यकृताची तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते. त्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही.