कृपया समोर पाहा

एका शोरूममधल्या तरुणाने परवा माझ्या देखत आपल्या टॅबलेटवर माझ्याविषयी नोंद केली : "खरेदीची शक्यता कमी. ग्राहकाला मुख्यतः बोलायचे होते." उलटी धरलेली अक्षरे वाचण्याइतकी माझी नजर शाबूत आहे, हे त्याच्या लक्षात आले नाही की त्याला त्याची फिकीरच नव्हती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. गाडी पाहायला आलेल्या माणसाने गाडीविषयी बोलायचे नाही, तर मग कशाविषयी बोलायचे?

गाडी नवी कोरी, पेट्रोलवरची, आणि डॅशबोर्डच्या मध्यावर भलामोठा पडदा असलेली होती. मी आत बसताच त्याने मला आतल्या सजावटीच्या दिव्यांचे चौसष्ट रंग दाखवायला घेतले. इंजिन किती सीसीचे आहे, असे मी विचारले तेव्हा तो जांभळ्यापर्यंत पोहोचला होता. "सांगतो, सर," असे म्हणून तो मोरपिशीकडे वळला.

टेस्ट ड्राइव्हला निघालो, तर एसीचा झोत थेट डोळ्यांत येऊ लागला. सवयीने माझा हात व्हेंटकडे गेला. तिथे धरायला पाते नव्हते, खुंटी नव्हती, काहीच नव्हते. नुसती एक गुळगुळीत फट होती.

"हाताने नाही, सर. स्क्रीनवरून."

पडद्यावर आधी हवामानाचा कप्पा उघडायचा, त्यात हवेच्या दिशेचे पान शोधायचे, मग तिथल्या चित्रातली निळी लहर बोटाने ओढून हवी तिकडे न्यायची, अशी ती व्यवस्था होती. रस्त्यातल्या एका उंचवट्यावर माझे बोट घसरले, लहर शेजारच्या सीटवर गेली आणि त्या तरुणाचे निगुतीने बसवलेले केस ताठ उभे राहिले. ते सावरायला मी पुन्हा पडद्याकडे वळलो, तोच कुठूनतरी टिंग असा आवाज आला आणि एक बाई अत्यंत शांतपणे म्हणाली, "कृपया समोर पाहा."

"हे कोण बोलले?"

"गाडी, सर. तुमची नजर रस्त्यावरून हटली की आतल्या कॅमेऱ्याला कळते. सेफ्टी फीचर आहे."

"पण पडद्याकडे मी तुमच्याच सांगण्यावरून पाहिले."

"हो, पण जास्त वेळ पाहिलेत, सर."

"ही सूचना बंद करता येते का?"

"येते की!" त्याचा चेहरा उजळला. "अगदी सोपे आहे. स्क्रीनवर सेटिंग्जमध्ये गेलात की तिसऱ्या पानावर..."

तिसरे पान येण्याआधीच बाईंनी मला दुसऱ्यांदा बजावले आणि या खेपेस टिंग चढ्या सुरात होती. परीक्षकानेच कॉपी पुरवायची आणि परीक्षकानेच ती पकडायची, असा हा प्रकार होता. "राहू द्या, काका, मी करतो," तो म्हणाला. 'सर' मागे पडून 'काका' नेमके याच ठिकाणी सुरू झाले आणि गाडी परत आणून लावेपर्यंत टिकले.

या सगळ्याला माहितीपत्रकात "रेसिंगपासून प्रेरित कॉकपिट" म्हटले होते आणि माझे डोके फिरले ते इथे. फॉर्म्युला वनमध्ये ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात, जाड हातमोजे घातलेला चालक ब्रेकचा पुढच्या-मागच्या चाकांमधला तोल बदलतो, तो स्टिअरिंगवरची बटणे आणि फिरक्या वापरून. तिथला छोटा पडदा वाचण्यापुरता असतो, त्यावर बोटे घासत कोणी बसत नाही. नव्याचे मला वावडे नाही. १९५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सिट्रोएन डीएसने ब्रेकचे पेडल काढून तिथे अळंबीच्या आकाराचे रबरी बटण बसवले होते. लोक चक्रावले, तरी पहिल्याच दिवशी सुमारे बारा हजार गाड्यांची नोंदणी झाली. ते बटण विचित्र होते खरे, पण ते दाबण्यासाठी खाली वाकून पाहावे लागत नव्हते.

परत आल्यावर मी गाडीच्या मागे गेलो. बंपरमध्ये सायलेन्सरची दोन रुंद, चकचकीत, चौकोनी तोंडे होती. एकात मी बोट घातले, तर ते दुसऱ्या पेराशीच प्लॅस्टिकच्या भिंतीला टेकले. खरी नळी, अंगठ्याएवढी आणि गंजू लागलेली, आत कुठेतरी जमिनीकडे तोंड करून लपली होती. "ते डिझाइन आहे, काका," असा खुलासा झाला.

मर्सिडीझ ३०० एसएलची पंखांसारखी वर उघडणारी दारे जगाने सौंदर्य म्हणून डोक्यावर घेतली, पण ती आली अडचणीतून. १९५२ च्या शर्यतीच्या गाडीचा सांगाडा बारीक पोलादी नळ्यांचा होता आणि ताठपणासाठी त्या नळ्या दोन्ही बाजूंना इतक्या उंच घ्याव्या लागल्या की नेहमीच्या दाराला जागाच उरली नाही, म्हणून दार छतापासून उघडावे लागले आणि १९५४ च्या रस्त्यावरच्या गाडीतही ते तसेच राहिले. मॅक्लारेन एफवन या रस्त्यावरच्या गाडीच्या इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावला तो उष्णता परतवण्यासाठी. झाकण उघडल्याशिवाय ते सोने दिसतही नाही. याला मी डिझाइन म्हणतो. प्लॅस्टिकची भिंत असलेल्या सायलेन्सरला काय म्हणतात, ते छापण्याजोगे नाही.

बनावटीला शर्यतीत थारा नसतो, असे मी त्याला सांगू लागलो. १९६६ च्या माँटे कार्लो रॅलीत पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या तिन्ही गाड्या, 'मिनी' नावाच्या छोट्या ब्रिटिश गाड्या, हेडलाइटच्या बल्बवरून बाद ठरवल्या गेल्या आणि विजेतेपद एका डीएसला मिळाले. माझ्या दोन लाडक्या गाड्यांतले ते भांडण असल्यामुळे आणि तो निकाल मला आजवर पटलेला नसल्यामुळे मी जरा लांबलो, हे खरे. पण बल्बसाठी तीन गाड्या बाद करणाऱ्या परीक्षकांनी हा बंपर पाहिला असता तर काय केले असते, हा प्रश्न रास्त होता. उत्तरादाखल त्याने स्पोर्ट मोड लावून इंजिनाचा आवाज ऐकवला. तो स्पीकरमधून येत होता. बीएमडब्ल्यूनेही २०११ च्या एम५ मध्ये हाच उद्योग केला होता, पण तिथे निदान समोर खरे, आठ सिलिंडरचे व्ही८ इंजिन होते.

मला चीड याची येते की हे सारे श्रीमंती म्हणून विकले जाते. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, चाचणी लागते. एकच पडदा सगळ्यांचे काम करतो आणि कंपनीचा खर्च वाचतो. गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या मोजक्या गोष्टी पडद्यात कोंबणाऱ्यांचे गुण कापायचे ठरवले आहे, परंतु त्या यादीत एसीचा झोत नाही, म्हणजे माझे डोळे कोरडे पडायचे ते पडणारच. शिवाय फिरकी तुटली तर पक्कडीने तरी फिरवता येते. हा पडदा एक दिवस काळा पडला तर मी काय फिरवायचे, असे मी त्याला शेवटी विचारले.

"काहीच फिरवायचे नाही, काका," तो समजुतीच्या स्वरात म्हणाला. "सरळ सर्व्हिस सेंटरला फोन करायचा. नंबर स्क्रीनवरच आहे."