भाव देईल त्याचे धान्य

१ ऑगस्ट २०२२ रोजी युक्रेनमधील ओडेसा बंदरातून ‘राझोनी’ हे मालवाहू जहाज निघाले, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष त्याच्याकडे लागले होते. रशियाच्या आक्रमणानंतर पाच महिने तिथली बंदरे बंद होती आणि संयुक्त राष्ट्रसंघ व तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने झालेल्या करारानंतर धान्य घेऊन बाहेर पडणारे हे पहिले जहाज होते. त्यात सुमारे २६ हजार टन मका होता आणि तो लेबनॉनला जायचा होता, जिथे त्याच दिवसांत पावासाठी बेकऱ्यांसमोर रांगा लागत होत्या. माल पाच महिने उशिरा येतो आहे, या कारणावरून मूळ खरेदीदाराने तो नाकारला आणि मका दुसरीकडे विकला गेला. तसाही तो रांगेतल्या माणसांसाठी नव्हता. कोंबड्यांच्या खाद्यासाठी घेतलेला तो माल होता.

या घटनेत कोणी लबाडी केली असे मला वाटत नाही. खरेदीदाराने व्यापाऱ्यासारखा निर्णय घेतला, एवढेच. पण म्हणूनच ती माझ्या मनातून जात नाही. जगाच्या अन्नव्यवहारात कोणीही नियम मोडला नाही तरी उपाशी माणूस उपाशीच राहू शकतो आणि याचा विचार आपण पुरेशा गांभीर्याने करत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जगात दरवर्षी २८० कोटी टनांहून अधिक तृणधान्य पिकते. लोकसंख्येने भागले तर माणशी, तान्ह्या बाळासकट, रोज जवळपास एक किलो. तरीही संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी लोक उपाशी होते आणि सकस आहार परवडत नाही अशांची संख्या २६० कोटींच्या घरात होती. पिकलेल्या धान्यापैकी साधारण एक तृतीयांश जनावरांच्या पोटात जाते. अमेरिकेतल्या मक्याचा तर एक तृतीयांशाहून मोठा वाटा इथेनॉलसाठी वापरला जातो. पशुपालन बंद करा असे मी म्हणत नाही. दूध आणि अंडी हेही अन्नच आहे. पण पशुखाद्याचा कारखाना, इंधनाचा कारखाना आणि रोजंदारीवर जगणारे कुटुंब ही तिन्ही एकाच बाजारात एकाच धान्यासाठी बोली लावत असतात, आणि त्यात सर्वांत लहान थैली कोणाची असते हे सांगायला नको. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे पैशाने व्यक्त झालेली मागणी. ज्याच्या हाती पैसा नाही त्याची भूक या हिशेबात धरलीच जात नाही. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाविषयी अमर्त्य सेन यांनी हेच मांडले होते: धान्याच्या तुटीपेक्षा, भाव चढत असताना शेतमजूर आणि मच्छीमार यांची मिळकत मागे पडली, हे मृत्यूंचे मोठे कारण होते.

यावर व्यापाराची दारेच बंद करावीत, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो मला मान्य नाही. इजिप्तसारखा देश, जिथे शेती नाईलच्या काठापुरती आहे, आयातीशिवाय आपल्या लोकसंख्येला गहू पुरवू शकत नाही. ‘राझोनी’ ज्यामुळे निघू शकले तो काळ्या समुद्राचा करार जुलै २०२३ मध्ये संपला तोवर त्या मार्गाने सुमारे ३ कोटी ३० लाख टन माल बाहेर पडला. त्यातला साधारण अर्धा मका होता आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या वाट्याला जेमतेम सव्वासात लाख टन गहू आला, हे खरे आहे. पण तो माल बाजारात आल्यामुळे भाव उतरायला मदत झाली आणि त्याचा फायदा गरीब आयातदार देशांनाही झाला, हेही तितकेच खरे आहे. माझा आक्षेप व्यापारावर नाही, फक्त व्यापाराच्या भरवशावर लोकांची पोटे सोडून देण्यावर आहे.

तो भरवसा किती कच्चा असतो हे २००८ मध्ये तांदळाने दाखवून दिले. त्या वर्षी जगात तांदळाचा दुष्काळ नव्हता; पीक चांगले होते. पण जगातल्या एकूण तांदळापैकी फारच थोडा, सात-आठ टक्क्यांच्या आसपास, सीमा ओलांडतो. भारत, व्हिएतनाम, इजिप्त अशा देशांनी एकामागून एक निर्यातीला लगाम घातला, आयातदारांनी घाबरून मिळेल त्या भावाने खरेदी सुरू केली आणि जानेवारीत टनाला ४०० डॉलरच्या आसपास असलेला थाई तांदूळ मेपर्यंत १००० डॉलरच्या जवळ पोहोचला. प्रत्येक सरकारचा निर्णय आपापल्या घरापुरता समजण्यासारखा होता. सगळ्यांनी मिळून मात्र आग लावली. विझली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. जपानच्या गोदामांत व्यापार करारांमुळे आयात करावा लागलेला, फारसा न खपलेला तांदूळ पडून होता. तो बाहेर काढण्याची तयारी जाहीर होताच, प्रत्यक्ष माल हलण्याआधीच भाव उतरू लागले. नुसता साठा असणे आणि तो उघडण्याची तयारी असणे, याचे मोल एवढे असते.

ज्यांच्याकडे साठाही नव्हता आणि स्वतःची शेतीही उरली नव्हती, त्यांना याची किंमत मोजावी लागली. हैतीने १९९० च्या दशकाच्या मध्यात, बाहेरच्या दबावाखाली, तांदळावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणले होते. अमेरिकेतला अनुदानित तांदूळ स्वस्तात येऊ लागला, तेव्हा काही वर्षे शहरातल्या ग्राहकाला बरेही वाटले असेल. मात्र तिथला भात पिकवणारा शेतकरी त्यात बुडाला. एप्रिल २००८ मध्ये भाव भडकले तेव्हा लोक रस्त्यावर आले, माणसे मेली आणि पंतप्रधानांना पद सोडावे लागले. आपल्या कारकिर्दीतील हे धोरण चूक होती, अशी कबुली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे दिली. बुडालेली शेती कबुलीने परत येत नाही.

मदत आहेच की, असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर रंगीत पट्टीने मोजतात. ११.५ सेंटिमीटरच्या आत भरला तर पट्टी लाल रंग दाखवते आणि मूल अतितीव्र कुपोषित धरले जाते. त्याच्यासाठी शेंगदाणे, दूधभुकटी, तेल आणि साखर यांची ९२ ग्रॅमची तयार पाकिटे असतात. प्रत्येकात ५०० कॅलरी, शिजवायला नको, पाणी घालायला नको. मोजायची पट्टी आहे, औषधासारखे अन्नही आहे. नसतो तो वेळेवर पैसा. जागतिक अन्न कार्यक्रम स्वेच्छेने दिलेल्या देणग्यांवर चालतो आणि बरेचसे धान्य बाजारातूनच विकत घेतो. म्हणजे ज्या वर्षी भाव चढून भुकेले वाढतात, नेमक्या त्याच वर्षी तेवढ्याच देणगीत कमी धान्य येते. सोमालियात जुलै २०११ मध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. त्या आपत्तीत सुमारे २ लाख ६० हजार माणसे गेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुले होती आणि साधारण निम्मे मृत्यू त्या घोषणेच्या आधीच होऊन गेले होते. इशारे कित्येक महिने आधीपासून दिले जात होते.

म्हणून मला वाटते की तहान लागल्यावर विहीर खोदण्याची ही रीत सोडून गरीब देशांना स्वतःचे सार्वजनिक धान्यसाठे उभारता आले पाहिजेत. साठ्यांना खर्च येतो, धान्य सडते, भ्रष्टाचार होतो आणि स्वस्तात बाहेर सोडलेला साठा शेजारच्या शेतकऱ्याला मारतो. हे आक्षेप खरे आहेत आणि त्यांवर कडक नियम हवेत. पण आजचे नियम वेगळ्याच गोष्टीला जखडतात. सरकारने ठरलेल्या भावाने धान्य घेऊन साठवले, तर जागतिक व्यापार संघटना त्यातले ‘अनुदान’ १९८६ ते १९८८ या काळातल्या भावांशी तुलना करून मोजते. तेव्हापासून महागाई कुठे गेली, याची या सूत्रात दखल नाही. म्हणून ते अनुदान फुगलेले दिसते आणि मर्यादा ओलांडल्याचा ठपका बसू शकतो. डिसेंबर २०१३ मध्ये बाली येथे अशा ठपक्यापासून तात्पुरते संरक्षण देण्यात आले, पण तेही त्या तारखेला चालू असलेल्या योजनांनाच. ज्या देशाकडे तेव्हा साठ्याची योजना नव्हती, त्याने आज ती सुरू केली तर हे संरक्षण त्याला लागू होत नाही. कायमचा तोडगा २०१७ पर्यंत काढायचे ठरले होते. २०२४ मध्ये अबुधाबीला मंत्री पुन्हा जमले आणि या विषयावर निर्णय न घेताच परतले.